अमेरिकन फुटबॉलपटू ज्यो थॉमसची टीम त्याच्या काळात एकदाही प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) गेली नाही, मग तो हॉल ऑफ फेममध्ये (खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत) कसा?

कारण तो ऑफेन्सिव्ह लाइनमन होता, म्हणजे बॉल आपल्या टीमकडे असताना समोरच्यांना अडवणारा, त्याला टीमच्या हारजितीवरून मोजलं तर अन्यायच होईल. मी ओहायोत राहतो, इकडे क्लीव्हलंड ब्राउन्सचा, म्हणजे ज्योच्या टीमचा, विषय निघाला की लोक आधी कपाळाला हात लावतात आणि मग अभिमानाने ज्योचं नाव घेतात.

त्याची जागा लेफ्ट टॅकलची, म्हणजे अडवणाऱ्यांच्या रांगेत डाव्या बाजूची. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) पास टाकायला उभा राहतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे असते, आणि नेमका तिकडूनच समोरच्या टीमचा धिप्पाड पण हरणासारखा पळणारा गडी अंगावर येतो. त्याला जेमतेम तीन सेकंद अडवायचं, तेही स्वतः मागे मागे सरकत, हात त्याच्या छातीवर ठेवून, आणि जर्सी धरून ओढलं की होल्डिंगचा फाउल, टीम दहा यार्ड मागे. टीव्हीवर तुमचा नंबर पुकारला जातो तो बहुतेक तेव्हाच. विकेटकीपरसारखंच आहे, कॅच सुटला तरच लोकांना तुम्ही दिसता.

ज्यो 2007 च्या ड्राफ्टमध्ये (तिथे टीम नवे खेळाडू निवडतात) तिसऱ्या नंबरवर गेला (त्या दिवशी सूटबूट घालून न्यूयॉर्कला जायचं सोडून हा पठ्ठ्या वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे धरत होता!) आणि पहिल्या मॅचपासून ऑक्टोबर 2017 पर्यंत सलग 10,363 स्नॅप खेळला (बॉल मागे दिला की एक प्ले सुरू होतो, तो स्नॅप). म्हणजे दहा वर्षं ऑफेन्सचा एकही प्ले चुकवला नाही, मॅच हातातून गेलेली असली तरी हा आपला मैदानातच. शेवटी टेनेसीविरुद्ध ट्रायसेप (दंडामागचा स्नायू) फाटला तेव्हा कुठे बाहेर बसला. तोपर्यंत त्याच्यामागे वीसएक क्वार्टरबॅक येऊन गेले होते, आता सांगा यात त्याचा काय दोष? टीमने 2007 ला 10 मॅच जिंकूनही प्लेऑफ हुकलं, 2016 ला 16 पैकी 1 जिंकली आणि 2017 ला तीही नाही. आणि हा मात्र पहिले दहाच्या दहा सीझन प्रो बोलमध्ये, म्हणजे सीझनच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंमध्ये. पात्र झाला त्याच वर्षी, 2023 ला, हॉल ऑफ फेम.

त्यात 300 पौंडांच्या वर वजन टिकवायला भूक नसताना खायचं ते वेगळंच, रिटायर झाल्यावर काही महिन्यांत त्याने 50 पौंड उतरवले, फोटोत ओळखू येत नाही.

यूट्यूबवर जुन्या क्लिप बघणार असाल तर बॉलकडे बघूच नका, 73 नंबरच्या पायांकडे बघा.