"कसं वाटायलंय आता?" रोज रोज विचारायचं का?

ब्रिटनमधल्या लीड्सवरून एका ताईंनी लिहिलंय, माहेर लातूरकडचं. दीड वर्षापूर्वी ताप आला, ताप गेला पण थकवा काही गेला नाही, तिथल्या डॉक्टरांनी शेवटी एमई/सीएफएस, म्हणजे महिनोन्महिने न हटणाऱ्या थकव्याचा आजार, असं निदान केलं. "आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारते कसं वाटायलंय, अन मी सांगायला लागले की म्हणते लक्ष नको देऊ, लक्ष दिलं की वाढतं. आता वाचण्यात पण आलं की अशा पेशंटचं लक्षच थकव्याकडे जास्त जातं. मग हे माझ्या मनाचंच आहे का?"

नाही ताई, हे आधी डोक्यातून काढा. तुम्ही वाचलं ते खरंय, पण त्याचा अर्थ तसा नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजात असे प्रयोग झालेत. स्क्रीनवर दोन शब्द क्षणभर दाखवायचे, एक आजारपणाचा, एक साधा, अन नजर कुठं ओढली जाते ते बघायचं. किंवा दोन अर्थ निघतील असं वाक्य द्यायचं. म्हणजे बघा, मैत्रीण म्हणाली "आज वेगळीच दिसायलीस", तर आपल्यासारख्याला वाटतं साडी छान असेल, अन आजारी माणसाला वाटतं चेहरा उतरलाय वाटतं माझा. नेदरलँडच्या पेशंटवर पण हे करून बघितलं, तर तिकडं पण कल तसाच निघाला. पण पायात काटा मोडला की लक्ष काट्याकडेच जाणार ना, म्हणून काटा खोटा ठरत नाही!

आता आईचं सांगते, कारण मी पण तीच चूक केलेली आहे. माझ्या धाकट्या वहिनीला हाच त्रास आहे. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही सगळे शेतात गेलो, आंबिलीचं बिंदगं तिनं घेतलं, भज्जी वाढली, पोरांमागं फिरली, संध्याकाळी हसत घरी आली. तिसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला हात वर होईना, फणी तशीच केसात अडकलेली अन ही भिंतीला टेकून बसलेली. मी म्हणाले, "शेतात तर चांगली पळायलीस की!" ते माझं बोलणं तिला त्या थकव्यापेक्षा जास्त लागलं असणार. तेव्हा मला माहीतच नव्हतं की या आजारात कष्टाचा फटका लगेच बसत नाही, कधी काही तासांनी बसतो तर कधी एकदोन दिवसांनी, अन झोपून उठलं तरी ताजं वाटत नाही, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. म्हणून "जरा चालून ये, बरं वाटेल" हे प्रत्येकाला लागू पडत नाही. कुठल्या आजाराला काय उपचार द्यायचे हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2021 मध्ये ठरवून वाढवत न्यायचा व्यायाम या आजाराला देऊ नका असं स्पष्ट सांगितलं, अन विचार बदलायची थेरपी आधारासाठी घ्यावी, तो आजारावरचा इलाज नाही, हे पण सांगितलं.

दुसरी अडचण भाषेची. आपल्याकडे बाई म्हणते अशक्तपणा आलाय, अंगात त्राण नाही, हातपाय गळाले, अन घरचे म्हणतात रक्त कमी असेल. गोव्यात बायकांचा एक मोठा सर्व्हे झाला होता, 2005 मध्ये छापून आला, त्यात शंभरात बारा बायकांना सहा महिन्यांच्या वर थकवा होता (तुमचाच आजार असं नाही, कुठलाही थकवा), अन त्याचा संबंध रक्त कमी असण्याशी निघालाच नाही, मनावरचा ताण अन घरात बाईला मिळणारी वागणूक यांच्याशी निघाला. (तरी हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर तपासायचीच, ते सोडू नका.) सांगायचं म्हणजे तिकडच्या डॉक्टरला नुसतं "वीकनेस" म्हणून काही कळणार नाही. आंघोळीनंतर किती वेळ पडून राहावं लागतं, जिना चढल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं, पोराला शाळेत सोडलं तर स्वयंपाक जमतो का, असं वहीत लिहून न्या.

आणि फोनचं. आईला "लक्ष देऊ नको" म्हणू द्यायचं नाही, पण रोज तब्येतीचा हिशोब पण मागू द्यायचा नाही, कारण दर वेळी सांगताना तुम्ही परत अंगातच डोकावून बघणार. आठवड्यातून एक दिवस ठरवा, रविवारी तब्येतीचं मोकळेपणानं बोला, रडू आलं तर रडा. बाकीच्या दिवशी तिनं तिकडचं सांगायचं, ज्वारी किती झाली, शेजारच्या पोरीचं लग्न कुठं जमलं, तुम्ही नुसतं ऐका, अन थकलात तर "आई ठेवते आता" एवढं पुरे, कारण नको सांगायला. तिला पण सांगून ठेवा की फोन मधेच ठेवला म्हणजे राग आला असं समजायचं नाही.

जावईबापूंनी पण हे वाचावं. सणाला पाहुणे बोलवायचे असतील तर पुढचे दोन दिवस आधीच मोकळे ठेवा, डबा बाहेरून मागवा, अन ती हसताना दिसली म्हणून "आता बरी झालीस" असं पाहुण्यांसमोर म्हणू नका.

हे आईंना वाचून दाखवा ताई, पण एका दमात नको. आज अर्धं, उरलेलं रविवारी.