डेस्कटॉप आणि लॅपटॉपवरच्या फाइल्स सारख्या कशा ठेवायच्या?

घरी डेस्कटॉप, बाहेर लॅपटॉप, पेन ड्राइव्हने ने-आण करून वैताग आलाय आणि क्लाउडवर काही ठेवायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग सिंकथिंग हे फाइल्स सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतं. मी तेच वापरतो.

मधे कुणाच्या सर्व्हरवर फाइल साठत नाही. दोन्ही मशीन घरच्या वायफायवर असली की फाइल राउटरमधूनच इकडून तिकडे जाते, इंटरनेटचा डेटा उडत नाही. मोठ्या फाइलचाही बदललेला भागच पाठवला जातो. दोन्हीकडे इन्स्टॉल करा, एकमेकांचे डिव्हाइस आयडी (सिंकथिंग प्रत्येक मशीनला देतं तो ओळख-कोड) जोडा, फोल्डर शेअर करा, एवढंच.

गोची वेगळीच आहे. दोन्ही मशीन एकाच वेळी चालू असावी लागतात. लॅपटॉपवर काम करून लगेच तो बंद केलात आणि मग डेस्कटॉप लावलात, तर तिथे जुनीच फाइल. तीच उघडून पुढे लिहिलंत की दोन आवृत्त्या झाल्या. सिंकथिंग त्यातली एकही फेकत नाही. ज्या फाइलची वेळ आधीची, तिच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट', तारीख आणि वेळ घालून ती शेजारीच ठेवतं. पण एक्सेलच्या अशा दोन शीट हाताने जुळवत बसणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून लॅपटॉपवरच्या सिंकथिंगमध्ये डेस्कटॉपच्या नावापुढे 'अप टू डेट' दिसल्याशिवाय लॅपटॉप मिटू नका.

दुसरं, एकीकडे डिलीट केलेली फाइल दुसरीकडूनही जाते. त्यासाठी फोल्डरच्या सेटिंगमध्ये फाइल व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती जपून ठेवायची सोय, चालू करा, आणि दोन्ही मशीनवर करा. इथे बरेच जण फसतात: लॅपटॉपवर उडवलेल्या फाइलची जुनी प्रत डेस्कटॉपवरच्या 'एसटीव्हर्जन्स' या लपलेल्या फोल्डरात सापडते, लॅपटॉपवर नाही. अर्थात डेस्कटॉपवर व्हर्जनिंग बंद असेल तर तिथेही नाही. बाहेरच्या हार्ड डिस्कवरचा बॅकअप तरीही हवाच.

टॅलीचा डेटा किंवा आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाइल) असलं काही मात्र चालू असताना सिंक करू नका. अर्धवट लिहिलेली फाइल पलीकडे गेली तर उघडणारच नाही. टॅलीतून बॅकअप काढा, ती फाइल शेअर केलेल्या फोल्डरात टाका आणि दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करा.