अल्गार्व म्हणजे नक्की काय?

प्रश्न : भाची पोर्तुगाल फिरून आली, फ्रिजला लावायला मॅग्नेट आणलाय, त्यावर जाळीदार पांढरं धुराडं नि खाली 'अल्गार्व'. तिला विचारलं तर म्हणे तिकडच्या दक्षिण किनाऱ्याचं नाव आहे, अर्थ माहीत नाही. हा 'अल' आपल्या अल्जिब्रातलाच का हो?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : अगदी तोच! मूळ अरबी शब्द 'अल-गर्ब', म्हणजे पश्चिम. 711 साली अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या, त्यांच्या ताब्यातल्या मुलखाला नाव पडलं अल-अंदलुस, आणि त्याचा मावळतीकडचा भाग तो गर्ब. आपण नाही का नुसतं 'वेस्टला राहतो' म्हणतो, दिशा हाच पत्ता, तसंच हे. 1249 मध्ये पोर्तुगालचा राजा अफोन्सो तिसरा याने तिथलं फारो शहर घेतलं आणि तिथली मुस्लिम सत्ता संपली, पण नाव काही कोणी बदललं नाही, उलट राजाच्या किताबातच जाऊन बसलं, 'पोर्तुगाल आणि अल्गार्वचा राजा', ते थेट 1910 ला राजेशाही जाईपर्यंत. म्हणजे 1534 मध्ये वसई ज्या पोर्तुगीज राजाकडे गेली त्याच्याही किताबात हे अरबी नाव होतंच.

आणखी एक गंमत. अरबीत 'अल' म्हणजे इंग्रजीतला 'द', पण पोर्तुगीज लोक त्याच्यापुढे परत स्वतःचा 'ओ' लावतात, 'ओ अल्गार्व', त्या 'ओ'चाही अर्थ तोच. आपली 'लास्टची शेवटची लोकल' आठवा. शब्द परका आहे हे विसरून लोक तो पूर्ण आपलासा करतात तेव्हाच असं होतं, मला तरी हे फार आवडतं.

पण खरी मजा या शब्दाच्या धातूत आहे. गैन-रे-बे ही तीन अरबी अक्षरं, अर्थ मावळणं, दूर जाणं. संध्याकाळी दिवे लागताना मोहम्मद अली रोडवर मगरिबची अजान ऐकू येते ना, ती मगरिब यातूनच, सूर्य मावळायची वेळ. मोरोक्कोचं अरबी नावही अल-मगरिबच. आणि आपण रोज वापरतो तो 'गरीब', तोही याच घरातला! अरबीत त्याचा अर्थ परका, आपल्या गावापासून लांब पडलेला. फारसीतून इकडे येता येता अशा माणसाची जी अवस्था होते तोच शब्दाचा अर्थ होऊन बसला.

भाचीला आल्बुफैरा गावाबद्दलही विचारा, गेली असेल बहुतेक. ते 'अल-बुहैरा', म्हणजे खाजण किंवा तळं, शब्दशः छोटा समुद्र. बहारीनमधला 'बहर' तो हाच.