पावणेचार वर्षांची मुलगी अक्षरं गिरवायला बसतच नाही, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की शाळेतून रोज ‘अ’चं एक पान गिरवायला येतं, मुलगी पेन्सिल मुठीत धरते, दोन ओळी झाल्या की रडते, आणि शेजारची तिच्याच वयाची पोरगी ‘ज्ञ’पर्यंत पोचलीसुद्धा. मी शिक्षक नाही. तेहतीस वर्षं बोर्ड रंगवले. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर खताच्या जाहिराती. फ्लेक्स आला आणि धंदा बसला, पण अक्षर कसं उभं राहतं ते मला कुणी सांगायला नको.

‘अ’पासून सुरुवात करणं हाच मुळात येडेपणा आहे. नीट बघा त्याच्याकडे. वर एक वळण, ते मधेच दुमडून खाली दुसरं, मग आडवी रेघ, मग दांडा, मग शिरोरेघ. तीनदा हात उचलायचा आणि दरवेळी बरोबर जागी टेकवायचा. माझ्या उस्तादांनी पहिले तीन महिने मला एकही अक्षर काढू दिलं नव्हतं. उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ, अर्धा गोल, पूर्ण गोल. बस्स. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, तुमची लेक चारचीही नाही.

हे मी १९९४ च्या दिवाळीत आमच्या मेहुण्यांना सांगून बघितलं होतं. ते प्राथमिक शाळेत गुरुजी. सुट्टीला आले, येताना आमच्या पोरासाठी पाटी आणली. पाडव्याच्या सकाळी त्याला मांडीवर घेतलं, पाटीवर मोठा ‘अ’ काढला आणि म्हणाले, गिरव. मुलगा चारचा. गिरवला. परत गिरव. परत. पेन्सिल इतकी दाबून धरलेली की नखं पांढरी झाली, आणि दोनदा तुकडा पडला. पोर रडायला लागलं तसं गुरुजींनी त्याचा हात स्वतःच्या हातात धरला आणि गिरवून घ्यायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, त्याला आधी रेघा मारू द्या. तर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “दाजी, भिंती रंगवणं वेगळं आणि लेकराला शिकवणं वेगळं.” बायको, सासू, सगळे बसलेले. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पण दोन मैलांवर सोसायटीच्या गोदामाची भिंत धरलेली होती, गिलावा झालेला, रंग अजून लागायचा होता. पोराला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन गेलो. डबडंभर पाणी दिलं आणि दोन इंची जुना ब्रश दिला. म्हटलं, मार रेघ. गिलाव्यावर पाणी लागलं की काळीभोर रेघ उठते आणि उन्हात बघता बघता उडून जाते. त्याला गंमतच वाटली. वरून खाली, टाचा उंचावून, अख्खा हात खांद्यापासून फिरवत मारत सुटला. चुकली तर चुकली, घटकाभरात भिंत कोरी. खोडरबर नाही, लाल पेन नाही. तासाभराने मी एक छोटी उभी रेघ मारली, तिच्या टोकाला गोल लावला, वर आडवी रेघ ओढली. “हा ठ. ठ ठशाचा.” त्याने काढला. मग गोल अर्धाच ठेवला, झाला ट. दुपारपर्यंत भिंतीवर नुसते ट आणि ठ, एकेक हातभर उंचीचा. एकदाही रडला नाही. मी मात्र दिवसभरात चार ओळींचीही आखणी केली नाही आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या, तो भाग वेगळा.

पुढे सगळी अक्षरं आकाराच्या भावकीने घेतली. व आला की ब आला, त्याला शेपूट लावलं की क. प काढला की पोटात रेघ दिली तर ष, बाहेर शेपूट दिलं तर फ. र आला की स येतो, र आणि व शेजारी आले की ख. ‘अ’ अगदी शेवटी, उ-ऊ झाल्यावर. आपल्याकडे कुणाला काही येत नसलं तर ‘त्याला गमभनसुद्धा येत नाही’ म्हणतात, ‘अआइई’ येत नाही असं म्हणत नाहीत. का, ते ग, म आणि न एकाखाली एक काढून बघा. म्हणायला वर्णमाला त्याच क्रमाने म्हणा की, गाण्यासारखी. हाताचा क्रम वेगळा.

आता माझी सूनबाई फिजिओथेरपिस्ट आहे. तिने परवा सांगितलं की मनगटात आठ बारकी हाडं असतात आणि चार वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली जेमतेम तीन-चारच दिसतात, बाकीची अजून मऊ कूर्चाच असते. हे मला १९९४ साली माहीत असतं तर! आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ तर होत्याच की. १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला, पानं, बिया, शिंपले घेऊन पोरांना शिकवत होत्या. डी.एड. झालेल्या माणसाला ही नावं मी सांगायची का?

आणखी एक, गिरवायचं पुस्तक विकत आणाल तर त्यातला ल बघून घ्या. कितीतरी पुस्तकांत कॉम्प्युटरमधला हिंदी वळणाचा ल छापलेला असतो. आपला ल दोन पाकळ्यांचा. २००९ साली शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात आपलीच वळणं दिलीत, पण छापणाऱ्याला कोण विचारतो.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. सध्या पेन्सिल ठेवून द्या. अंगणात, गच्चीत, बाथरूमच्या भिंतीवर, जिथे जमेल तिथे पाणी आणि ब्रश द्या. उभ्याने काढू दे, मोठं काढू दे. ताटात रवा पसरून बोटाने काढू दे. कणीक मळू दे, शेंगा सोलू दे, बोटांत जोर त्याने येतो. डावा हात पुढे करत असेल तर करू दे. शाळेच्या रोजच्या पानाचं म्हणाल तर बाईंना जाऊन स्पष्ट सांगा की घरून पान येणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणातही पहिलीचं वय सहा आहे आणि त्याआधीची तीन वर्षं खेळातून शिकायची आहेत.

खोटं कशाला बोलू, माझ्या पोराचं अक्षर आज कोंबडीच्या पायासारखं आहे आणि गुरुजींच्या दोन्ही मुलींचं मोत्यासारखं. पाण्याच्या ब्रशने अक्षर सुंदर होतं असा माझा दावा नाही. आणि साडेपाच-सहा झाले तरी साधा गोल जमत नसेल, बटण लावता येत नसेल, तर माझं ऐकत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

गुरुजी यंदा दसऱ्याला आले होते, आता रिटायर. नात अंगणात फरशीवर पाण्याने ठ काढत बसलेली. बराच वेळ काठी टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

“दाजी,” म्हणाले, “ठ चा गोल उघडा राहिलाय.”