बोर्ड आता आहे कुठे?

प्रश्न : मी महावितरणमधून प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. मुलीला दहावीला 82 टक्के मिळाले. गणितात 91, विज्ञानात 68. गणितात हुशार आहे, आईच्या बचत गटाचा हिशेब तीच लिहिते. डिप्लोमाचा अर्ज मीच भरला, सगळे पर्याय इलेक्ट्रिकलचेच टाकले. एकदा वीज बोर्डात चिकटली की काळजी मिटली. ऑफिसातले ओळखीचे म्हणतात, डिप्लोमा होऊ द्या, पुढचं बघू. कॉलेज कोणतं घ्यावं? – एक पालक, बीड जिल्हा

उत्तर : कॉलेजचं नंतर बोलू. तुम्ही पत्राचा फोटो पाठवलात, त्यात तुमच्या सहीच्या खाली पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे : ‘मॅडम, मला कॉमर्स घ्यायचंय, पप्पांना सांगाल का?’ तुमच्या ती नजरेतून सुटली असावी. नाहीतर फोटो तिनंच काढला असेल.

दोन पानांच्या पत्रात तुमची नोकरी आहे, ओळखीचे आहेत, शेजाऱ्यांचा मुलगासुद्धा आहे. ‘तिला काय वाटतं’ एवढंच नाही. भर पावसात खांबावर चढून तुम्ही हे घर उभं केलंत, त्याचा मान राखूनच सांगते : जी मुलगी बापाशी बोलायला परक्या बाईच्या पत्रात पेन्सिलीने लिहिते, तिच्या मार्कांची मला काळजी नाही. तिची पप्पांशी बोलायची हिंमत होत नाही, काळजी त्याची आहे. विज्ञानात 68 आणि मनात नाही, अशी मुलं डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातच विषय मागे ठेवतात. मग घरात त्याला ‘आळशीपणा’ म्हणतात.

आता ‘बोर्ड’. 1960 साली स्थापन झालेलं विद्युत मंडळ 6 जून 2005 रोजी संपलं. 2003 च्या वीज कायद्यानंतर त्याच्या महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि या तिघींवरची सूत्रधारी कंपनी अशा वाटण्या झाल्या. तुम्ही दोन्ही काळांत काम केलंत, पण बोलताना अजून ‘बोर्ड’च म्हणता आणि मुलीलाही त्याच बोर्डात पाठवायला निघालात. प्रत्येक कंपनीची भरती वेगळी, जाहिरात वेगळी. विद्युत सहायक, म्हणजे भरतीचं सुरुवातीचं पद, त्याची पहिली तीन वर्षं कंत्राटी, ठरावीक मानधनावर जातात. तुमच्याच उपकेंद्रात बाह्यस्रोताची, म्हणजे ठेकेदाराकडची, किती पोरं राबतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. भिवंडीचं वितरण 2007 पासून खाजगी फ्रँचायझीकडे आहे. समांतर परवान्याच्या, म्हणजे त्याच भागात खाजगी कंपनीलाही वीज वाटू देण्याच्या धास्तीने जानेवारी 2023 मध्ये तुमचेच सहकारी संपावर गेले होते. नोकरी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण काळजी मिटवणारी ती नोकरी तुम्ही लागलात त्या काळातली होती.

गंमत म्हणजे महावितरणचं खरं दुखणं तारांपेक्षा वह्यांत जास्त आहे. शेतीपंपांची थकबाकी हजारो कोटींत. कित्येक पंपांना मीटरच नाही, बिल अश्वशक्तीवर, म्हणजे शेतीला गेलेली वीज अंदाजाने धरायची. गळतीचा, म्हणजे वाटेत हरवलेल्या विजेचा आकडा त्या अंदाजावरच उभा, त्यामुळे शेतीचा वापर फुगवला की गळती आपोआप कमी दिसते. या अंदाजांवर विजेचे दर ठरवणाऱ्या नियामक आयोगानेही बोट ठेवलं आहे. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत, तिची रक्कम सरकारने कंपनीला द्यायची. ती वेळेवर आली नाही तर वीजखरेदीचे पैसे कुठून आणायचे? कारखान्याने चढा दर भरायचा आणि त्यातून दुसऱ्याची वीज स्वस्त करायची, हे किती वर्षं चालेल? हे प्रश्न पक्कड घेऊन सुटत नाहीत. त्यांना हिशेब समजणारी माणसं लागतात. आणि बचत गटात कोणाचा हप्ता थकलाय हे तुमची मुलगी आत्ताच ओळखते.

म्हणून इलेक्ट्रिकल रद्द. अकरावी कॉमर्स, गणित ठेवून. बारावीनंतर सीएमएचा, म्हणजे खर्चाच्या हिशेबाच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचा विचार करा. वीज कंपन्यांना कॉस्ट ऑडिट, म्हणजे खर्चाची तपासणी लागू आहे, आयोगापुढच्या दरवाढीच्या याचिकेतही हीच विद्या लागते. महावितरणमध्ये लेखा विभागाचीही पदं निघतात, त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. पण तिने त्याच कंपनीत जावं हा हट्ट पुन्हा धरू नका. उद्या ती बँकेत जाईल, पुण्यात एखाद्या सोलर कंपनीत जाईल, नाहीतर गावातच करसल्लागार होईल.

ते ‘पुढचं बघू’वाले ओळखीचे उद्या पैसे मागतील. एक रुपया देऊ नका. भरती ऑनलाइन परीक्षेतून होते, हे त्यांनाही ठाऊक आहे.

अकरावीचे अर्ज आता राज्यभर एकाच पोर्टलवर भरतात. तो अर्ज तिला भरू द्या, पासवर्ड तिच्याकडेच राहू द्या. आणि ती पेन्सिलीची ओळ मी तुम्हाला वाचून दाखवली, म्हणून घरी तिला रागावू नका.