सुभेदार साहेबांनी घराचा चार्ज घेतलाच नव्हता

"मॅडम, हे पेन्शनीवर आल्यापासून घरात मोकळा श्वास घ्यायची चोरी झालीय. माणूस वाईट नाही हो. पण घराची बरॅक करून ठेवलीय."

साताऱ्यात समुपदेशन करणाऱ्या कुणालाच ही तक्रार नवी नाही. या जिल्ह्यात एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे आणि देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली इथंच निघाली. 'हे सुट्टीवर कधी येणार' याची वाट बघण्यात निम्मं आयुष्य घालवलेल्या बायका इथं गावोगाव आहेत. ते कायमचे आल्यावर काय करायचं, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. माझे वडीलही फौजेत होते, म्हणून आईची ती घालमेल मी लहानपणी पाहिली आहे. त्यामुळे अशी घरं आली की मी जरा जास्तच जीव लावून बसते.

हे घर कोरेगाव तालुक्यातलं. ओळख पटेल असे तपशील बदललेत. साहेब मराठा लाइट इन्फन्ट्रीत 28 वर्षं होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. घरी वहिनी, म्हातारी आई आणि बारावीतला मुलगा. पहाटे पाचला शिट्टी. शब्दशः शिट्टी, गळ्यात अडकवायची. चपला एका रेषेत. फ्रीजवर टाइमटेबल. मुलाला रोज पहाटे रस्त्यावर पळवायचं, कारण भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढलं की पूर्ण गुण. मुलगा सहा महिने बापाशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत होता.

साहेब पहिल्यांदा आले ते चिडूनच. खुर्चीत ताठ बसले. "मॅडम, मी कंपनीत 120 पोरं सांभाळलीत. एकानं उलट उत्तर दिलं नाही. आणि हे एक पोरगं मला जुमानत नाही?"

मी त्यांना शिस्त, प्रेम, संवाद असलं काही सांगितलं नाही. अशा माणसाला ते शब्द गुळगुळीत वाटतात. मी विचारलं, "साहेब, नव्या कंपनीत पोस्टिंग झालं की पहिल्या दिवशी काय करायचात?"

प्रश्न आवडला त्यांना. खांदे जरा सैल झाले. म्हणाले, "आधी चार्ज घ्यायचा. जुन्या साहेबाबरोबर फिरायचं. कोठारातली एकेक वस्तू मोजून घ्यायची, काय बिघडलंय ते त्याच्याच तोंडून ऐकायचं, मग सही. आणि पहिले काही दिवस काही बदलायचं नाही. नवा साहेब आल्या आल्या सगळं बदलायला लागला की पोरं ओळखतात, याला अजून काही माहीत नाही."

"आणि घराचा चार्ज कुणाकडून घेतलात?"

ते वहिनींकडे बघायला लागले. वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. वीस वर्षं या बाईनं विहिरीची मोटर जळाली तर रिवाइंडिंगवाला शोधला होता, शाळेत दाखले काढले होते, सासूला रात्री दोनला साताऱ्याला दवाखान्यात आणलं होतं. घराची कमांड तिच्याकडे होती. साहेब आले आणि सहीशिवाय कमांड घेऊन मोकळे झाले. त्यांनी तिला साधं विचारलंही नव्हतं, की या पोराचं काय बिनसलंय.

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. ते निवृत्त झाले तेव्हा मुलगा 16 वर्षांचा. त्यातली दोन वर्षं फॅमिली स्टेशनला सगळे एकत्र. उरलेल्या 14 वर्षांत वर्षाला 60 दिवस ॲन्युअल आणि 30 दिवस कॅज्युअल, म्हणजे सगळी रजा मिळाली असं धरलं तर तीन महिने. एकूण साडेपाच वर्षं. साहेब म्हणाले, "सगळी कुठली मिळते, मॅडम." आणि कागद उलटा करून ठेवला.

आपल्याकडे फौजेतलं नेतृत्व म्हटलं की लोकांना परेडचा आवाज आठवतो. तो आवाज पलटणीत दिवसातून थोडाच वेळ असतो. बाकीचा वेळ सुभेदाराचं काम फार वेगळं असतं. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात, जवानाला वर्षानुवर्षं ओळखणारा असतो तो सुभेदार. कुणाच्या घरी जमिनीचा वाद आहे, कुणाची बायको अडलीय, कुणाचं पत्र आल्यापासून जेवण गेलंय, हे त्याला ठाऊक असतं. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत 1932 साली तेव्हाचे सरसेनापती चेटवुड यांनी सांगितलेला क्रम आजही तिथल्या प्रत्येक कॅडेटला पाठ असतो: आधी देश, मग आपल्या हाताखालची माणसं, सर्वांत शेवटी आपण स्वतः. साहेबांनी तो क्रम 28 वर्षं पाळला होता. पण घरी येताना त्यांच्या ट्रंकेत फक्त परेडचा आवाज आला होता, आणि माझा आक्षेप तेवढ्यालाच होता. फौज त्यांच्यातून काढून टाकावी असं मला कधीच वाटलं नाही. उलट ती आणखी हवी होती.

दुसऱ्या भेटीत ते आपणहून बोलत होते. रूट मार्चवर गाडी आली. लांब चालून कंपनी मुक्कामाला आली की लंगरच्या आधी पायांची तपासणी.

"बूट काढा, मोजे काढा. मी टॉर्च घेऊन बसायचो. एकेकाचा पाय हातात घेऊन बघायचो. बोटांच्या बेचक्या, टाच, घोटा. मॅडम, जवान फोड लपवतो. मागं ठेवतील म्हणून लपवतो. पण चाल लपत नाही. लंगडणारा पोरगा मी अंधारात बुटाच्या आवाजावरून सांगायचो. एक पाय जोरात, एक हळू."

हे सांगताना त्यांचे दोन्ही हात पुढं आले होते, कुणाचा तरी पाय धरल्यासारखे.

वहिनी शेजारी बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "आपला पोरगा दीड महिना नडगीला बाम लावून झोपतोय. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणालाय."

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. घड्याळ लावून भेट संपवायची माझी पद्धत, पण त्या दिवशी पुढच्यांना थांबवून ठेवलं.

पुढचं मला मुलाकडून कळलं. रात्री बाबा टॉर्च घेऊन आले. त्यानं पाय आखडून घेतला, 'काही नाही झालं' म्हणाला. बाबा गेले. दुसऱ्या रात्री परत आले, तेच. तिसऱ्या रात्री नुसतेच कॉटच्या कडेला बसले. मग यानं पँट वर केली. डॉक्टरांनी नडगीच्या हाडावर ताण आलाय म्हणून सहा आठवडे पळणं बंद सांगितलं. शिट्टी मात्र दुसऱ्या महिन्यात एकदा परत वाजली, वहिनींनी फोन करून सांगितलं. मी म्हटलं, वाजू दे. 28 वर्षांची सवय आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण हे वाचून कुणीतरी आपल्या घरातलं दुखणं अंगावर काढेल. चिडचिडीच्या जोडीला झोप उडालेली असेल, फटाक्याच्या आवाजानं माणूस दचकत असेल, जुने प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं येत असतील, कॅन्टीनची बाटली रोजची झाली असेल, तर ते नुसतं वळण नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर उपचाराची सोय आहे, आणि कुठं जावं हेच सुचत नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आणि घरात हात उचलला जात असेल, तर चार्ज आणि टॉर्चच्या गोष्टी नंतर. आधी बाईची आणि मुलांची सुरक्षितता.

साहेबांच्या घरी यातलं काही नव्हतं. होता तो रिकामेपणा. काल 120 जणांचा साहेब, आज दुपारी तीनला ओसरीवर करायला काही नाही. मग हुकूम सोडायला उरतं कोण?

मी त्यांना एकच काम दिलं. पलटणीत सैनिक संमेलन असतं. कमांडिंग ऑफिसर समोर बसतो, विचारतो, 'कोई पॉइंट?' जवान उठून अडचण मांडतो आणि तिचं काय केलं ते पुढच्या संमेलनात सांगावं लागतं. म्हटलं, दर रविवारी घरात घ्या. पॉइंट मांडणारे ते तिघं. तुम्ही फक्त लिहायचं. मधे बोलायचं नाही, खुलासा द्यायचा नाही.

दोन महिन्यांनी ते वही घेऊन आले. लाल पट्टीनं आखलेले रकाने, कंपनी ऑफिसातलं ते सुरेख अक्षर. माझ्यापुढं उघडून धरली.

पॉइंट 1, आई: जेवताना बातम्या नकोत. कारवाई: बंद.

पॉइंट 2, सौ.: शिट्टी. कारवाई: ट्रंकेत ठेवली. खाली वेगळ्या शाईत: चावी सौ.कडे.

पॉइंट 3, चिरंजीव: मला भरतीला जायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही.

पुढचा रकाना कोरा होता.

"हे कोरं कसं काय?" मी विचारलं.

"विचारलं मी त्याला," साहेब म्हणाले. "त्यानं वेळ मागितलाय. मंजूर केलाय."