विहिरीवरचा तवंग

प्रश्न : पाटणजवळच्या आमच्या विहिरीवर इंद्रधनुषी तवंग येतो. खाली मुंबई हायसारखं तेल असेल का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : नाही. कोयना परिसरात गोठणे गावी ३ किमी खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे १,२५० मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी पायाखडक लागला. मधे गाळाचा खडकच नाही, आणि तेल जन्मतं ते सेंद्रिय गाळातच.

मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे त्या मुंबईच्या समुद्रात, सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटताना कवच ताणलं, भ्रंशांवर खचलं. त्या खोलगटांत साचलेला शेल (सेंद्रिय चिखलाचा थरदार खडक) गाडला गेला, साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला तेल सुटलं आणि वर सरकून उंचवट्यावरच्या मायोसीन या भूकाळातल्या चुनखडीत, शेलच्या झाकणाखाली अडकलं. झाकण नसतं तर निसटून गेलं असतं.

तवंग काडीने ढवळा. तुकडे पडून तसेच राहिले तर बहुधा लोहजिवाणूंचा (लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा) तवंग. लगेच जुळला तर तेल. मग मोटारीची गळती आधी शोधा.